टीव्ही मराठीत बोलतो, हे मला लालबागेत कळलं

"आपण सगळे टीव्ही बघून हिंदी शिकलो. कुणी सक्ती केली होती? काही बिघडलं का आपलं?"

दादाचं हे वाक्य घरच्या ग्रुपवर पहिल्यांदा आलं ते 2025 च्या एप्रिलमध्ये. महाराष्ट्र सरकारने 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा निर्णय काढला होता. मग गदारोळ झाला, सक्तीला स्थगिती मिळाली. 17 जूनला नवा निर्णय आला की तिसरी भाषा 'सर्वसाधारणपणे' हिंदी असेल, आणि दुसरी कुठली हवी असेल तर वर्गात किमान 20 मुलं जमवा. 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले, डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली आणि 5 जुलैला वरळीच्या डोममध्ये उद्धव आणि राज ठाकरे एका व्यासपीठावर आले. राजकारण तिथून पुढे युती, महापालिका, जागावाटप अशा ओळखीच्या वाटेला लागलं. दादाचं वाक्य मात्र हललेलं नाही. दर शनिवार-रविवारी कुणीतरी जुन्या मालिकेची क्लिप टाकतं, सगळे हळवे होतात आणि त्या हळवेपणाच्या शेवटी हा युक्तिवाद येतो. टाळ्या पडतात. मला राग येतो.

हिंदीचा राग नाही. माझ्या कानाला हिंदी गोड लागते, आजही इथे ब्रिटनमध्ये गाडी चालवताना मी हिंदी गाणीच लावते. राग येतो तो 'कुणी सक्ती केली होती' या शब्दांचा, कारण ते खरं नाही. आणि ते खरं नाही हे दादाला माहीत असायला हवं. आम्ही एकाच घरात, एकाच टीव्हीसमोर वाढलो.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं. घरात मराठी, शाळेत मराठी, आकाशवाणी परभणीवर मराठी. मग टीव्ही आला. 1984 च्या सुमाराला देशभर लहान क्षमतेचे प्रक्षेपक उभे राहत होते, त्या वर्षी काही महिने तर दिवसाला जवळजवळ एक या वेगाने. इन्सॅट-1बी उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उचलायचा आणि आसपासच्या गावांत सोडायचा, एवढंच त्यांचं काम. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 पासून मराठी कार्यक्रम करत होतं, उत्तम करत होतं, पण ते मुंबई-पुण्याकडे दिसत. आमच्या गच्चीवरच्या अँटेनाला दिल्ली दिसायची. त्यामुळे टीव्ही ही हिंदीत बोलणारी वस्तू आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

ती समजूत लालबागला मावशीकडे मोडली. मे महिन्याच्या सुटीत गेलो होतो. काकांची गिरणी 1982 च्या संपानंतर उघडलीच नव्हती, घरात पैशांची ओढाताण होती, पण चाळीतल्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत एक ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता आणि संध्याकाळी अर्धा मजला त्याच्यासमोर बसलेला असे. प्रदीप भिडे बातम्या देत होते. मराठीत! मी आईला हलवून सांगितलं, अगं टीव्ही मराठी बोलतोय. मावसभावंडं पोट धरून हसली. त्यांना कळेचना की यात नवल काय. मग 'गजरा' पाहिला, त्यातली माणसं आमच्या गल्लीतल्यासारखी बोलत होती. शनिवारी मराठी चित्रपट असतो हे कळलं. आणि एका संध्याकाळी 'आमची माती, आमची माणसं' लागलं. लालबागच्या चाळीत, जिथे कुंडीतली तुळस सोडून काही उगवत नव्हतं, तिथे शेतीचा कार्यक्रम मराठीत दिसत होता. आणि तिकडे आमचे अण्णा, परभणीच्या काळ्या रानात कापूस लावणारे, ते दिल्लीचं 'कृषी दर्शन' हिंदीत बघायचे. बघायचे म्हणजे, बातम्या लागेपर्यंत समोर बसायचे. मावशीकडचं ते सगळं मी परत आल्यावर अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मुंबईवाल्यांचं काय, त्यांना सगळंच मिळतं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तालुक्याला एसटी उशिरा येते, तसा टीव्ही हिंदीत येतो, असं ते धरून चालले होते.

याला सक्ती नाही तर काय म्हणायचं? शासन निर्णय निघाला नव्हता, कबूल. प्रक्षेपणाचा मनोरा उभा राहिला होता. शासन निर्णयाविरुद्ध मोर्चा काढता येतो, कोर्टात जाता येतं, 29 जूनला तो मागे घ्यायला लावता येतो. मनोऱ्याविरुद्ध काय करणार? बटण एकच होतं. ते दाबलं की दिल्ली, नाही दाबलं की अंधार.

आणि मुंबईकरांना तरी सगळं कुठे मिळत होतं? 15 ऑगस्ट 1982 ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई खेळांसाठी रंगही आले, आणि रंगांच्या कौतुकात दुसरी गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. रात्री पावणेनऊच्या आसपास देशभरातल्या केंद्रांचा पडदा दिल्लीने घ्यायचा असं ठरलं. म्हणजे जेवणं आटोपून, बापमाणसं घरी येऊन, सगळं कुटुंब समोर बसतं ती वेळ. मराठीकडे उरली सहा ते साडेआठ, म्हणजे पोळ्या लाटायची, अभ्यासाची, लोकल पकडायची वेळ. जुलै 1984 मध्ये 'हम लोग' सुरू झालं, प्रायोजक आले, आणि एकदा देशभराच्या प्रेक्षकांसाठी एकच जाहिरात दाखवता येते हे कंपन्यांना कळल्यावर रात्रीची ती वेळ सोन्याची झाली. त्या सोन्यात मराठीचा वाटा मागायला कोण गेलं? मला तरी एकही मोर्चा आठवत नाही. जाणत्या वयाच्या लोकांना मी मुद्दाम विचारलं, त्यांनाही आठवत नाही. ज्या मुंबईत चित्रपट तयार होतात, जिथे नाटकाची एवढी परंपरा, तिथले आपले नट, लेखक, तंत्रज्ञ त्या हिंदी मालिकांत कामं करू लागले आणि आपण अभिमानाने सांगू लागलो, हा आपला बरं का.

इथवर आलं की दादा रामायण काढतो. काढणारच. 25 जानेवारी 1987 पासूनचे ते रविवार मलाही पाठ आहेत. आमच्या ओसरीत चपला ठेवायला जागा उरत नसे. आजी पडद्याला नमस्कार करायची. मी त्यावर कधीही वावगं बोलणार नाही, माझ्या बालपणाचा तो सगळ्यात भरलेला भाग आहे. 2020 च्या मार्चअखेर टाळेबंदीत ते पुन्हा दाखवायला लागले तेव्हा वहिनीने फोन टीव्हीसमोर धरला आणि मी इथून बघितलं, आई गेल्यानंतर पहिल्यांदाच मोकळी रडले. पण दादा, जी गोष्ट माणसाला एवढी हलवते, तिची सत्ता किती मोठी असेल, याचाही विचार कर ना. त्याच मालिकेतली सीता 1991 मध्ये बडोद्यातून खासदार झाली, रावण साबरकांठ्यातून. राम 2024 मध्ये मेरठहून लोकसभेत गेला. पडदा माणसं घडवतो, मतं घडवतो, आणि कुठल्या भाषेत देवाला हाक मारायची हेसुद्धा शिकवतो. आजीने आयुष्यभर रामाला 'रामराया' म्हटलं. आम्ही मुलं अंगणात धनुष्यं घेऊन 'भ्राताश्री' म्हणत फिरलो. हे तुला नुसतं गोड वाटतं. मला गोड वाटतं आणि त्याच वेळी त्यातली भीतीही दिसते.

ती भीती दिसायला लागली ती इथे आल्यावर. मी वेल्समधल्या कार्डिफला राहते. इथे कौन्सिल टॅक्सचं पत्र येतं ते वेल्शमध्ये आणि इंग्रजीत, रस्त्यावर स्लो लिहिलेलं असतं तिथे आराफही असतं, हीथ हॉस्पिटलमध्ये रक्त तपासायला गेलं तरी फॉर्म दोन भाषांत. पहिली काही वर्षं मला हे सगळं उगाच वाटायचं. एवढ्या कागदाचा खर्च कशाला, सगळ्यांना इंग्रजी तर येतंच. अगदी दादासारखाच विचार. मग शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी मला 1980 ची गोष्ट सांगितली, आणि नंतर मी ती वाचून काढली.

वेल्श भाषेचा स्वतंत्र टीव्ही असेल, असं हुजूर पक्षाने 1979 च्या जाहीरनाम्यात म्हटलं होतं. निवडून आल्यावर थॅचरबाईंचं सरकार फिरलं. वेगळी वाहिनी नाही, दोन वाहिन्यांवर थोडा थोडा वेळ देऊ म्हणाले. सहा ते साडेआठ घ्या, तशातलाच प्रकार. लोकांनी टीव्हीच्या परवान्याचे पैसे भरायचे नाकारले. तीन विद्वान, त्यात एक धर्मशास्त्राचे जाणकार, पेंकारेगच्या प्रक्षेपण केंद्रात शिरले आणि त्यांनी प्रक्षेपण बंद पाडलं. आणि ग्विनफोर एव्हन्स, प्लाइड कम्री या वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाचे ज्येष्ठ नेते, वय 67, त्यांनी जाहीर केलं की 6 ऑक्टोबर 1980 पासून मी प्राणांतिक उपोषण करणार. टीव्हीच्या वाहिनीसाठी! 17 सप्टेंबरला सरकारने माघार घेतली. जी बाई पुढे कुणापुढे वाकली नाही म्हणतात, ती इथे वाकली. 1 नोव्हेंबर 1982 ला एस-फोर-सी ही वेल्श वाहिनी सुरू झाली.

तारखा पाहा. ऑगस्ट 1982 मध्ये आपण रात्रीचा पडदा दिल्लीला देऊन टाकला आणि रंगीत चित्र बघत बसलो. त्याच वर्षी नोव्हेंबरात पाच लाख लोकांच्या भाषेने सगळ्यात मोलाची वेळ लंडनकडून मिळवली. आम्ही 2011 च्या जनगणनेत 8 कोटी 30 लाख होतो. उपोषण ही तर आमचीच रीत. आमच्या मातीत गांधीजी राहिले, उपोषणं झाली, चळवळी झाल्या, संयुक्त महाराष्ट्रासाठी 106 माणसांनी रक्त सांडलं. राज्य मिळवलं आणि राज्याच्या संध्याकाळी सोडून दिल्या.

हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा दादाने लगेच गुगल करून टाकलं की वेल्श बोलणारे 2021 मध्ये 17.8 टक्केच उरले, आधीच्या जनगणनेत 19 होते. मग त्या वाहिनीचा उपयोग काय? उपयोग असा की 1901 मध्ये इथे जवळजवळ निम्मे लोक वेल्श बोलत, आणि 1981 पर्यंत ते 19 टक्क्यांवर आले होते. ऐंशी वर्षांत तीस टक्के वाहून गेले. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत घसरण जवळपास थांबली आहे. शेजारी इंग्रजीसारखी भाषा असताना थांबली आहे. मला तर हा चमत्कार वाटतो. यात शाळांचा वाटा मोठा आहे, मान्य. पण शाळा सुटल्यावर मूल घरी येऊन काय लावतं, यावर शाळेची मेहनत टिकते की जाते ते ठरतं.

दुसरं उत्तर येतं ते मराठी वाहिन्यांचं. आता तर किती आहेत! हो, आहेत. 1999 मध्ये अल्फा मराठी आली, मग रांगच लागली, आणि त्यांच्या मालिका मी इथे बसून बघते, माझ्या रात्री त्यांच्यावर निघतात. पण त्या कुणासाठी आहेत? माझ्यासाठी आहेत, वहिनीसाठी आहेत. दादाचा नातू, वय वर्षं सहा, औरंगाबादला, आता संभाजीनगर म्हणायचं, व्हिडिओ कॉलवर मला म्हणाला, "आत्याआजी, वो देखो, मेरा रोबोट उड गया." शाळेत अजून हिंदी सुरूही झालेली नाही. आई-वडील दोघंही अस्सल मराठी. तो रोबोटशी हिंदीत बोलतो कारण त्याचं आवडतं कार्टून हिंदीत बोलतं. दादाला ते कौतुकाचं वाटतं. पहिलीची हिंदी रद्द झाली म्हणून ज्यांनी गुलाल उधळला, त्यांच्याही घरात हाच रोबोट असणार. मला त्या गुलालाबद्दल आदर आहे. निर्णय मागे घ्यायला लावला हे योग्यच झालं, सहा वर्षांच्या मुलावर तिसरी भाषा लादण्यात शिक्षणाचा काही संबंध नव्हता. पण वरळीच्या डोमपासून वरळीचंच दूरदर्शन केंद्र फार लांब नाही, आणि त्या दिवशी व्यासपीठावरून कुणी त्या केंद्राकडे बोट दाखवून विचारायला हवं होतं की इथून आमच्या पोरांसाठी काय येतं?

"तू तिकडे बसून बोलू नकोस." हे वाक्यही ग्रुपवर येतंच. दादा म्हणत नाही, दुसरं कुणीतरी म्हणतं आणि दादा गप्प राहतो, ते जास्त लागतं. बोलू नको का? मी गाव सोडलं म्हणून माझ्या कानातली भाषाही तिथेच ठेवून यायला हवी होती का? जे तिथे आहेत त्यांना मराठी हवेसारखी आहे, मिळत राहणार असं वाटतं. मला ती रोज शोधावी लागते. दिवसभर इंग्रजीत काम करून घरी आल्यावर जीभ मराठीकडे वळायला थोडा वेळ लागतो, आणि हा वेळ दर वर्षी वाढतो आहे, हे मला कळतं. भाषा कशी जाते ते मी माझ्याच तोंडात बघते आहे. म्हणून बोलते.

आणि आता एक गोष्ट सांगते जी ग्रुपवर लिहिली नाही. माझी मुलगी इथल्या वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते. आम्ही ती शाळा विचार करून निवडली. तीन वर्षांची असल्यापासून ती सकाळी एस-फोर-सीवर मुलांचं 'क्यू' बघायची, वेल्शमध्ये गाणी म्हणायची, बाहुलीला वेल्शमध्ये झोपवायची. बाहुलीशी मूल ज्या भाषेत बोलतं ती त्याची भाषा, असं मला वाटतं. मराठी तिला कळते. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. पहिल्यांदा बाहुलीशी ते वेल्श बोलणं ऐकलं तेव्हा मला आनंद झाला आणि पोटात खड्डाही पडला. ग्विनफोर एव्हन्स यांनी जे मिळवलं ते माझ्या लेकीला फुकट मिळालं. तिची आजी परभणीची, तिला वेल्सच्या लढाईचं फळ मिळालं, आणि आमची लढाई कुणी लढलीच नाही म्हणून आमच्या झाडाचं फळ तिच्या ताटात नाही. तिच्यासाठी मी मराठीतलं काहीतरी तसंच शोधत होते: रोजचं, आजचं, तिच्या वयाचं, मुळातून मराठीत लिहिलेलं. गोष्टी मिळाल्या, बडबडगीतं मिळाली, यूट्यूबवर तेच ते हत्ती आणि माकडं. रोज ठरलेल्या वेळी वाट बघावी असं काही मिळालं नाही. मग मी तिला माझ्या लहानपणाचे जुने कार्यक्रम दाखवले. तिने माझ्याकडे बघत बघत ते पाहिले, टीव्हीकडे फारसं लक्ष नव्हतं. आईला काय होतंय, एवढंच ती बघत होती.

मी कुठली, असं मला कुणी विचारलं तर उत्तर पटकन येत नाही. माझं पारपत्र अजून भारताचं आहे. पण मतदानाला भारतात स्वतः हजर राहावं लागतं, त्यामुळे तिथे माझं मत पडत नाही. इथे राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून मला मत आहे, आणि मी ते देते, सेनेडसाठी, म्हणजे वेल्सच्या संसदेसाठीही देते. म्हणजे ज्या भाषेसाठी माझा जीव तुटतो तिच्या राज्यात माझं काही चालत नाही, आणि ज्या भाषेत मला नीट चार वाक्यं बोलता येत नाहीत तिच्या वाहिनीचा खर्च मी टीव्हीच्या परवान्याच्या पैशांतून दर वर्षी भरते. मला हा खर्च कधी जड वाटला नाही. अण्णांना एका 'आमची माती'साठी असे पैसे भरायला सांगितले असते, तर त्यांनी कापूस विकून भरले असते, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून दादा, हे तुलाच सांगते, कारण मत तुझं आहे. 'आपण शिकलोच की' हे म्हणणं आता पुरे कर. आपण हिंदी शिकलो ते चांगलंच झालं, ती कुणी काढून घेत नाही. तुझ्या नातवाला मराठीत हसायला, घाबरायला, रोबोट उडवायला काय मिळतं, ते विचार. सह्याद्री वाहिनी आजही चालू आहे, सरकारी पैशावर चालू आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास, सहा वर्षांच्या मुलांसाठी, मराठीत लिहिलेला, परभणीच्या आणि कोल्हापूरच्या आणि वऱ्हाडाच्या बोलीत बोलणारा कार्यक्रम हवा, आणि राज्य सरकारने त्याला पैसे द्यावेत. ते केंद्र दिल्लीच्या हातात आहे, आपल्या नाही, असं तुला सांगतील. एस-फोर-सीसुद्धा लंडनच्या हातातूनच काढून घ्यावं लागलं. पुढच्या वेळी तुमचे आमदार सत्यनारायणाला घरी येतील तेव्हा हार घालायच्या आधी त्यांना हे विचार, आणि ते काय म्हणाले ते ग्रुपवर लिही.